फणसाडच्या जंगलात शेकरू बघायचंय? मग असं जा

अलिबाग-मुरूडला येणारी बहुतेक पब्लिक काशीदच्या बीचवर गाडी लावते आणि मागच्या डोंगरात फणसाड अभयारण्य आहे हे कोणाच्या गावीही नसतं, आपल्यासाठी ते बरंच आहे म्हणा. पूर्वी हे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं, 1986 मध्ये अभयारण्य झालं.

आधी सीझन ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला मस्त, पण प्राणी बघायचे असतील तर मार्च-एप्रिल, घाम निघेल पण पाणी आटलेलं असतं त्यामुळे जनावरं पाणवठ्यावर येतातच. इथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात.

सुपेगावच्या गेटवर सकाळी लवकर पोचा, तिकीट काढा आणि गावातला गाईड घ्याच, पैसे वाचवायला जाऊ नका, कारण वाटा फुटतात आणि तुम्हाला नुसती पानं दिसतात तिथे त्याला शेकरू दिसतं. कपडे मळकट हिरवे किंवा खाकी, फुल पँट, बूट. सेंट अजिबात नको. पाणी भरपूर घ्या, आत दुकान नाही.

आता मेन गोष्ट. चालणं कमी, थांबणं जास्त. पंधरा-वीस पावलं टाका, थांबा, ऐका. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं म्हणून नजर वर ठेवायची, फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला की ते त्याचं घरटं, पण एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे शेकरू आत आहेच असं नाही. वरून खडखड आवाज आला तर मात्र जागचं हलू नका. वाटेत अंजनीची झाडं आणि गारंबीचा अजस्र वेल लागतो, त्याच्या हातभर लांब शेंगा बघून घ्या, तोडू नका.

गाणाजवळ गेलात की अगदी काठावर बसू नका, लांब झाडाच्या आडोशाला बसा आणि वारा तोंडावर येईल असं बघा, नाहीतर सांबर-भेकराला आधीच वास लागतो. तासभर तरी बसायचं, मोबाईल सायलेंट. वानरं अचानक खाकरायला लागली तर बिबट्या जवळपास असू शकतो, तेव्हा गाईड सांगेल तेच करायचं, फोटोसाठी पुढे घुसायचं नाही.

बाहेर आल्यावर पायांना गोचीड चिकटलेत का बघा. एसटीने आला असाल तर परतीच्या गाडीचा टाइम आत शिरण्याआधीच गावात विचारून ठेवा.