पुट्टीकामाला दुधाची पिशवी

एम-सीलसारख्या एपॉक्सी पुट्टीत पोळ्याचे छोटे बैल घडवताना ते थेट लाकडी पाटावर ठेवू नका. पुट्टी घट्ट धरते आणि सोडवताना नेमका पाय तुटतो. पोळपाट तर नकोच, तो स्वयंपाकाचा आहे. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून, छापील बाजू खाली ठेवून पाटावर ताणून चिकटवा. पिशवी पॉलिथीनची, त्यावर एपॉक्सी धरत नाही. सुरकुती मात्र राहू देऊ नका, ती तळाला जशीच्या तशी उमटते. जळगावकडे केळीचं पान सहज मिळतं, पण त्याच्याही शिरा उमटतात. बोटांना तेल लावू नका, वरचा थर नीट बसत नाही, पाणी पुरतं. आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळीच बसा, उन्हाच्या तडाख्यात पुट्टी फार लवकर कडक होते.