गोठ्यातला कॅमेरा आणि वाढलेला ऊस

आमचा गोठा करवीर तालुक्यात, भोगावतीकाठच्या मळ्यात. घरापासून साधारण 400 मीटर. म्हैस व्यायला झाली की रात्रभर तिथंच झोपावं लागायचं, म्हणून मे महिन्यात कॅमेरा बसवला. घराच्या गच्चीवर एक आणि गोठ्याच्या पत्र्यावर एक, अशा कॅमेऱ्याचं चित्र वायरशिवाय घरी आणणाऱ्या 5 गिगाहर्ट्झच्या दोन डिश समोरासमोर लावल्या. चित्र एकदम स्वच्छ!

ऑगस्टमध्ये मात्र रोज तुटायला लागलं. राऊटर बदलला, केबलची टोकं नव्यानं क्रिंप केली, काही फरक नाही. शेवटी पाऊस उघडल्यावर पत्र्यावर चढलो, तर समोरचं घरच दिसेना. मधला ऊस पत्र्याच्या वर गेलेला! ओली पानं हा सिग्नल शोषून घेतात. मग दोन्हीकडं 20 फुटी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप उभे करून डिश शेंड्याच्या वर नेल्या, वाऱ्यासाठी तारांचे ताण दिले. सिग्नल उणे 82 वरून उणे 61 वर आला (हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला).

लाइट जाते तेव्हासाठी यूपीएसही लावला. घेताना डिशचं व्होल्टेज बघा. माझी 24 ची होती, 12 चा यूपीएस परत करावा लागला.

परवा पहाटे तीनला मोबाईलवर म्हैस सारखी उठबस करताना दिसली. धावत पोचलो, तर रेडकाचे पुढचे खूर बाहेर आले होते.