पीएसएमवाल्यांनो, सायटेशन्स मोजताना या चुका टाळा

बढतीची मुलाखत जवळ आली की पीएसएम (प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागात गुगल स्कॉलर या शोधसेवेवरच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट निघायला लागतात. एच-इंडेक्स एवढा, सायटेशन्स (दुसऱ्या पेपरांत आपल्या पेपरचे आलेले संदर्भ) एवढी, झालं, लावा फायलीला. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच असल्यामुळे नाशिकमध्ये अशा फायली जरा जास्तच बघायला मिळतात. घोळ बहुतेक वेळा आकड्यात नसतो, तो ज्या यादीवरून निघाला त्या यादीत असतो.

यादी आपलीच आहे ना?

एका मॅडमच्या प्रोफाइलवर लसीकरण, कुपोषण, आशा सेविकांचं प्रशिक्षण असे पेपर ओळीनं होते आणि मधेच द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा एक. सर्वांत जास्त सायटेशन्स नेमकी त्यालाच! आडनाव पाटील, आद्याक्षरंही जुळलेली, त्यामुळे स्कॉलरनं कुण्या कृषी शास्त्रज्ञाचं काम त्यांच्या नावावर चढवलं होतं. स्कॉलर हे आपोआप करतं. सेटिंगमध्ये जाऊन ‘आपोआप भर घालू नका, आधी मेल करा’ हा पर्याय निवडा आणि परके पेपर काढून टाका. आपलाच पेपर दोनदा दिसत असेल तर मात्र एक नोंद डिलीट करू नका, तिची सायटेशन्स हातची जातात. दोन्हींवर टिक करून मर्ज करा.

उलटा प्रकार स्कोपस या पेपरांच्या डेटाबेसवर होतो. लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं आडनाव, कधी मधलं नाव पूर्ण, कधी नुसती आद्याक्षरं, की एकाच बाईंचे तीन ऑथर आयडी तयार. मग कुणीतरी तिन्हींच्या एच-इंडेक्सची बेरीज करतं. ती करता येत नाही. आयडी एकत्र करायची विनंती स्कोपसला पाठवायची आणि नवा आकडा येईपर्यंत थांबायचं. स्कोपसची वर्गणी नसली तरी हे करता येतं. ऑर्किड हा संशोधकाच्या ओळखीचा 16 अंकी क्रमांक 2012 पासून फुकट मिळतो, पेपर पाठवतानाच तो भरा. शहराचं नावही तपासा. जुन्या पेपरांत नाशिकच्या रोमन स्पेलिंगमध्ये ‘एच’ नसतो, नव्यांत असतो. संस्थेच्या नावानं शोधताना एकच स्पेलिंग टाकलं तर निम्मं काम दिसतच नाही.

एच-इंडेक्स हातानं काढून बघा

हर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये सुचवलेलं हे माप सोपं आहे: जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकी सायटेशन्स आहेत, तो सर्वांत मोठा आकडा. समजा सहा पेपरांना 40, 12, 9, 5, 4 आणि 1 अशी सायटेशन्स आहेत. चौथ्याला 5 आहेत, म्हणजे चारपेक्षा कमी नाहीत. पाचव्याला पाच हवीत, आहेत 4. म्हणून एच-इंडेक्स 4. पहिल्या पेपरची 40 ची 400 झाली तरी तो 4 च राहतो. स्कॉलरच्या आय-10 मध्ये दहा किंवा जास्त सायटेशन्सचे पेपर मोजतात, इथे ते दोन.

स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच टाकलेले मसुदे), अहवाल असं सगळं मोजतं, स्कोपस फक्त आपल्या यादीतलं. त्यामुळे स्कॉलरचा आकडा सहसा मोठा असतो. एका उमेदवाराचा स्कॉलरवरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसवरचा आकडा शेजारी मांडणं हा शुद्ध अन्याय आहे. आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहा. स्कोपसवर स्वतःची सायटेशन्स वगळूनही आकडा बघता येतो, तोही द्या.

आपल्या विषयात आणखी एक गोची आहे. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या जगभरच्या आजारांच्या अभ्यासाचे लॅन्सेट या नियतकालिकातले पेपर शेकडो लेखकांचे असतात आणि त्यांना हजारो सायटेशन्स मिळतात. अशा एका पेपरात नाव असलं की एकूण बेरीज फुगते. तो पेपर लपवू नका, पण वेगळा दाखवा. दुसरीकडे सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरचं चांगलं सर्वेक्षण जिल्ह्याच्या नियोजनात वापरलं जातं आणि सायटेशन्स येतात दोन. असा वापर झाला असेल तर त्या आराखड्याचं पान फायलीला जोडा. गडचिरोलीत बंग दांपत्यानं घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तो अभ्यास 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. 2011 पासून आशांच्या गृहभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. हा परिणाम सायटेशन्सच्या बेरजेत कुठून दिसणार?

इम्पॅक्ट फॅक्टर पेपरचा नसतो, नियतकालिकाचा असतो. 2024 चा म्हणजे 2022-23 मधल्या लेखांना 2024 मध्ये मिळालेल्या सायटेशन्सची सरासरी. तो स्वतःच्या नावापुढे लिहू नका.

‘इंडेक्स्ड आहे’ म्हणजे कुठे?

पबमेड या वैद्यकीय शोधसेवेवर पेपर सापडला म्हणजे नियतकालिक मेडलाइन या निवडक डेटाबेसमध्ये आहेच असं नाही, पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या संग्रहामधूनही तो तिथे येतो. इंडेक्स कोपर्निकस हे डेटाबेसचं नाव एमसीआयच्या (तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेच्या) बढतीसाठी चालणाऱ्या डेटाबेसांच्या 2015 च्या यादीत होतं, 2020 च्या यादीत नाही. सीनियरनं पूर्वी छापलं म्हणून आपणही तिथेच पाठवायचं, असं करू नका. पाठवायच्या दिवशी चालू नियम बघा आणि नियतकालिकाच्या वेबसाइटवरच्या लोगोंवर न जाता त्या-त्या डेटाबेसमध्ये जाऊन नाव शोधा.

आठ दिवसांत स्वीकृती आणि लगेच पैशांची मागणी अशी मेल आली असेल तर पैसे भरू नका, कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका, पेपर मागे घेत असल्याची मेल लगेच टाका. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत तोच पेपर दुसरीकडे पाठवू नका. दोन्हीकडे छापून आला तर दुबार प्रकाशनाचा ठपका तुमच्यावर येतो, त्यांच्यावर नाही.