वाचनमंडळाच्या संध्याकाळी कॉकटेल आधीच तयार ठेवा
पुस्तकावरची चर्चा रंगात आलेली असताना यजमान प्रत्येकाचा पेला वेगळा ढवळत बसला, तर त्या चर्चेला तो मुकतो; म्हणून कॉकटेल मोठ्या बाटलीत आधीच मिसळून ठेवणे सर्वांत सोयीचे ठरते. एरवी ढवळताना बर्फ वितळून पेयात जे पाणी उतरते, ते या पद्धतीत आपणच घालायचे असते, आणि नेमके हेच अनेकांकडून राहून जाते. ढवळून करायच्या पेयासाठी मिश्रणाच्या साधारण २० ते २५ टक्के, म्हणजे ८०० मिलिलिटर मिश्रणात १६० ते २०० मिलिलिटर पाणी घालून बाटली फ्रिजमध्ये गार करावी. लिंबाचा रस मात्र त्याच दिवशी पिळावा, कारण त्याची ताजी चव लवकर उतरते. सोडा पेला भरतानाच ओतावा.

साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक आदल्या दिवशी करता येतो, आणि पुस्तकातील वातावरणाचा धागा इथेच उत्तम पकडता येतो: बागेत घडणाऱ्या कथेसाठी पुदिना, हिवाळ्यातल्या कथेसाठी दालचिनी गरम पाकात मुरवून नंतर तो गाळून घ्यावा. मद्य न घेणाऱ्यांसाठी हाच पाक, लिंबूरस आणि सोडा पुरेसा असतो. त्यांचा पेलाही तितक्याच निगुतीने सजवावा, असा माझा आग्रह आहे.

खाद्यपदार्थ कथेतल्या जेवणांतून निवडावेत, पण ते एका घासात संपणारे आणि बोटांना तेल न लावणारे असावेत, कारण उतारे शोधताना पाने सतत उलटली जातात. कोणाला कशाची ॲलर्जी आहे, हे निमंत्रण देतानाच विचारावे.