सागाला यंदाचा पाऊस मानवला का? घेर मोजून बघा

आधी झाड निवडा. सोसायटीतला माड नको. नारळाचं खोड दरवर्षी जाड होत नाही आणि त्यात वलयंही (लाकडात दरवर्षीच्या वाढीने उमटणारी गोल कडी) नसतात. बाहेर दिसतात त्या गळलेल्या झावळ्यांच्या खुणा. आंब्या-वडाची वलयं नीट ओळखू येत नाहीत. साग मात्र उन्हाळ्यात पानं टाकून थांबतो आणि पाऊस लागला की पुन्हा वाढू लागतो, म्हणून त्याचं वर्षाचं वलय ठळक उमटतं. आवारात साग नसेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जाऊन निदान ओळख तरी करून घ्या.

मग जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, ऑइल पेंटची बारीक रेघ मारा. खिळा ठोकू नका. त्या रेघेवर न ताणणारी टेप गुंडाळून घेर मोजा.

मोजायचं कधी? मेच्या मध्यावर, दरवर्षी त्याच आठवड्यात. जुलैत मोजलंत तर फसाल: साल पाणी पिऊन फुगलेली असते, आणि ती फूग म्हणजे लाकूड नव्हे.

वाढलेल्या घेराला 6.28 ने भागलं की वलयाची जाडी मिळते. घेर 3 सेंमी वाढला, तर वलय जवळपास पावणेपाच मिलिमीटरचं.

आता पाऊस. कुलाबा आणि सांताक्रूझ यांपैकी जवळच्या वेधशाळेचे आकडे वहीत उतरवा, पण एकूण बेरजेवर विसंबू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला. त्यातला झाडाच्या मुळांना कितीसा मिळाला? बाकी सगळा गटारात आणि लोकांच्या घरांत. माझ्या मते पहिला दमदार पाऊस कधी आला, मधे किती दिवस ओढ दिली आणि ऑक्टोबरच्या सरी झाल्या का, हे लिहिणं जास्त मोलाचं. फांद्यांची छाटणी झाली असेल किंवा बुंध्याभोवती सिमेंट ओतलं असेल तर तेही नोंदवा, नाहीतर त्याचं खापर पावसावर फुटेल. म्हातारपणी वलयं तशीही बारीक होतात, तेव्हा तीन-चार वर्षांच्या नोंदींशिवाय निष्कर्ष काढू नका.

इतका धीर नसेल, तर पाडकाम चाललेल्या जुन्या चाळीत सागवानी तुळईचं कापलेलं टोक बघा. रुंद-अरुंद वलयं लगेच दिसतील. मात्र आधी विचारून घ्या, लाकूड कुठलं. 'बर्मा टीक' असेल, तर गिरगावात बसून तुम्ही ब्रह्मदेशातला पाऊस वाचताय.