पुण्याहून बर्गेनला जाताना

पुण्याहून नॉर्वेतील बर्गेनला जायचे असल्यास शेंगेन व्हिसा आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा यांची तयारी वेळेत करावी. ऑस्लोपर्यंत विमानाने जाऊन पुढचा सुमारे सात तासांचा प्रवास रेल्वेनेच करावा, कारण वाटेतले बर्फाळ पठार चुकवण्यासारखे नाही.

बंदरावरील ब्रिगेन या वस्तीला निम्मा दिवस द्यावा. सुकवलेल्या कॉड माशाच्या व्यापारावर हान्सा या मध्ययुगीन व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी भरभराटीला आणलेली आणि १७०२ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेली ही लाकडी वस्ती १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दर्शनी रंगीत भिंतींची छायाचित्रे काढून परतू नये. मधल्या अरुंद बोळांत शिरावे, जिथे पायाखाली फळ्या आणि डोक्यावर पुढे झुकलेले लाकडी सज्जे असतात.

पाऊस इथे बाराही महिने पडतो, म्हणून पावसाळ्यात सिंहगडावर नेतो तसले जाकीट जवळ ठेवावे.