झाडीपट्टीत विनोदी पात्र करायला येताय? मग आधी हे वाचा

दसरा जवळ आला की नव्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न पैशाचा, दुसरा "रोल कोणता मिळेल?" तालमी किती असतात, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारायला हवं ते खरं म्हणजे तेच, कारण तालमी फारशा नसतातच. तुम्ही नागपूर-चंद्रपूरला स्पर्धेची नाटकं केली असतील आणि महिना-दीड महिना एकेक प्रवेश घासायची सवय असेल, तर पहिल्या आठवड्यात इथं गांगरायला होतं. मी कैक हंगाम झाडीपट्टीत विनोदी पात्रं करतोय, म्हणून हे लिहितोय.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा मुलूख. नाटकांची पेठ वडसा. सरकारदरबारी ती देसाईगंज, पण गोंदिया-बल्लारशाह गाडीनं उतरणारा प्रत्येक कलावंत वडसाच म्हणतो. नागभीड, सिंदेवाही, नवरगाव या भागातही मंडळी आहेत, पण गावकरी नाटक ठरवायला निघाले की पाय वडशाकडेच वळतात. गावाचं मंडळ तारीख ठरवतं, कंपनीला इसार देतं, तिकिटं विकतं. कंपनी पडदे, साउंड, वाजंत्री आणि पात्रं घेऊन जाते. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, भरायला लागते, तेव्हापासून होळीपर्यंत हंगाम. धान घरात आलेलं असतं, हातात थोडा पैसा असतो, थंडीही जागरणाला सोसेल इतपत असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. गावात नाटक म्हणजे करमणूक खरीच, पण त्या दिवशी घरोघर पाहुणे असतात. माहेरवाशिणी येतात, व्याही येतात, दिवसा मंडईत फिरता फिरता मुलगी दाखवण्याचा कार्यक्रमही उरकतो. कितीतरी सोयरिकी नाटकाच्या रात्रीनं जुळवल्या आहेत. पूर्वी शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि नाटक हे जोडीनंच यायचं. 2014 साली या शर्यतींवर बंदी आली तेव्हा नाटकाचं काय होणार, ही धास्ती होती. पट थांबले, नाटक थांबलं नाही. 2021च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिल्यावर पट परत आले आणि गावोगावची जोडी पुन्हा जमली.

म्हणजे तुमच्यासमोर सासरा, सून, शाळेतली पोरं आणि आजी एकाच सतरंजीवर बसलेली असतात. द्वयर्थी विनोदाला शिट्या मिळतात, नाही असं नाही. पण त्याच वेळी पदर तोंडाला लावून बाया खाली बघायला लागतात, तेही बघा. अलीकडे काही नाटकांत लावणी आणि डान्स इतके वाढलेत की कथानक मधेच हरवतं. मला ते आवडत नाही. तुम्हाला आवडत असेल तर तुमची मर्जी, काम दोन्हीकडे मिळतं.

आता कामाचं. इथली नाटकं तीन अंकी, गाण्यांसकट. बहिणीचा संसार, दारूडा नवरा, सावकार किंवा पाटील, वाटणीवरून फुटलेले भाऊ. रडवायचं म्हणजे मनसोक्त रडवायचं. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो तो फटफटेपर्यंत. अशा नाटकात विनोदी पात्र म्हणजे केवळ हशा पिकवणारा माणूस नव्हे. प्रेक्षक किती वेळ रडू शकतील, याचा हिशेब त्याच्याकडे असतो.

उदाहरण सांगतो. रात्रीचे दोन वाजलेत, नायिका बापाच्या प्रेतावर पडून टाहो फोडतेय, ऑर्गनवाला सूर धरून बसलाय. लेखी संहितेत आता तुमची एंट्री आहे. नवा नट लगेच घुसतो आणि पहिल्याच वाक्यावर हशा घेतो. नायिकेचं सगळं काम तिथंच पाण्यात. मुरलेला नट विंगेत थांबतो, पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसून नाक ओढायला लागल्या की मग आत जातो. आत गेल्यावरही आधी दोन क्षण प्रेताकडे बघतो. हसायची तयारी लोकांनी स्वतःहून केलेली असते, तुम्हाला नुसतं एक वाक्य टाकायचं असतं. हे थांबणं कोणी शिकवत नाही. विंगेत उभं राहून दुसऱ्यांचे प्रवेश बघत राहा, चहाच्या टपरीवर नका पळू.

दुसरी कसरत प्रॉम्प्टरची. आज एक नाटक, उद्या दुसरं, परवा ऐनवेळी आजारी पडलेल्या माणसाची जागा भरायची. पाठांतर कुठवर पुरणार? म्हणून प्रॉम्प्टर वाक्य देतो आणि तुम्ही ते बोलता. त्याचा आवाज कानात घ्यायचा, समोरच्या पात्राच्या डोळ्यात बघायचं, आणि त्याच वेळी वर टांगलेल्या माइकच्या खाली पोचायचं. माइकपासून दोन पावलं इकडंतिकडं झालात की मागच्या माणसाला काही ऐकू येत नाही, आणि तो गप्प बसत नाही. चेहरा सगळ्यांना दिसतो असं धरून चालू नका. हजारो माणसांच्या मैदानात नाटक कानांनी बघितलं जातं. म्हणून वाक्याचा शेवट गिळू नका. शहरी नटांची खोड हीच, शेवटचा शब्द खाली पाडतात. विनोद नेमका तिथंच असतो.

प्रॉम्प्टरशी सूत जमवा. कंपनीच्या मालकाशी नंतर जमवलं तरी चालेल.

बोलीबद्दल. पुण्या-मुंबईकडून आलेले काही जण "काहून बे" एवढ्यावर वैदर्भी झाल्याचं समजतात. झाडीबोली वऱ्हाडीहून निराळी आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीवर आणि इथल्या दंडारीसारख्या लोकनाट्यावर आयुष्य घातलं, त्यांचं लिखाण मिळालं तर वाचा. इथला म्हातारा डोळ्याला "डोरा" म्हणतो. ते तुमच्या तोंडात बसत नसेल तर साधी मराठी बोला, लोक खपवून घेतात. खोटी बोली मात्र पहिल्या पाच मिनिटांत पकडली जाते आणि मग विनोदावर नाही, तुमच्यावर हसतात.

गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या लोकांना पहिल्यांदा कळलं की कुरखेड्यासारख्या तालुक्यातला विनोदी नट एवढी मजल मारू शकतो. आम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं. पण त्यांचं नाव सांगून कोणी तुम्हाला "दोन वर्षांत स्टार करतो" म्हणालं, तर हात जोडा आणि निघा.

शरीराकडे बघा. जागरण, गाडीत अवघडून झोप, पहाटेचं दव. घसा बसायला आठवडा पुरतो. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, या भागात सगळीकडे मिळतो आणि जागं राहायला म्हणून नवी पोरं लगेच घोटायला लागतात. आवाज फाटतो, दात जातात, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा दुपारी सक्तीनं झोपा. परतीचा रस्ता ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून असेल तर मधेच लघवीला एकटं उतरू नका. वाघ खरंच असतो.

पैशाचं तोंडी ठेवू नका. एका नाइटचे किती, हे हंगामाआधी ठरवा. अवकाळी पावसानं प्रयोग रद्द झाला तर काय, जेवण कोणाचं, गाडीखर्च कोणाचा, एका कंपनीला तारखा दिल्यावर मधल्या रिकाम्या रात्री दुसरीकडे जायची मुभा आहे का, हे वहीत लिहून समोरच्याची सही घ्या. माणूस कितीही "भाऊ, भाऊ" करत असला तरी. मुलींनी आणखी दोन प्रश्न विचारावेत: कपडे बदलायची खोली कुठं असेल आणि पहाटे वडशाला परत सोडणारी गाडी कोणाची. सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरी कंपनी बघावी, वडशात कंपन्यांची वाण नाही.

होळीनंतर काम जवळपास संपतं. इथले बरेचसे कलावंत शेतकरी, कोणी मजूर, कोणी मास्तर. उन्हाळ्यात तेंदूपानं, पावसाळ्यात धानाची रोवणी, असं वर्ष भरतं. बाहेरून येणाऱ्यानं उरलेल्या महिन्यांची सोय आधीच बघून ठेवावी. आणि पुढच्या हंगामाची नाटकं पावसाळ्यातच लिहायला घेतली जातात. रोवणी आटोपली की लेखकांना गाठा, त्यांच्या ओसरीवर बसा, वाचन ऐका. विनोदी पात्राची चार पानं जास्त लिहून घ्यायची असतील तर तेव्हाच. दसऱ्याला फोन केलात तर हवालदाराचा रोल उरलेला असतो.